रिमोटची गाडी आपल्या मुलाला चालवता यावी म्हणून : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा कमी) असो, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमजोर होत जाणं) असो, हाताची बोटं जन्मतः कमी असोत; बाजारातल्या रिमोटवरची बारकी बटणं या मुलांना जमत नाहीत. मग रिमोट बाबांच्या नाहीतर दादाच्या हातात जातो आणि ज्याच्यासाठी गाडी आणली ते मूल बघत बसतं. खालची उत्तरं घरच्या घरी किंवा ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या मदतीने करता येतील अशा बदलांबद्दल आहेत.

सुरुवात कुठून करू? आधी गाडी घेऊ की मोठं बटण?

दोन्ही थांबवा. आधी एक हालचाल शोधा. आपलं मूल कुठली हालचाल मनात आलं की करू शकतं, परत परत करू शकतं, आणि केल्यावर पुन्हा मूळ जागी येऊ शकतं? हाताचं बोटच असायला हवं असं नाही. कोपर, गुडघा, पायाचा चवडा, हनुवटी, डोक्याची बाजू, काहीही चालेल. दाबल्यावर आवाज करणारं एखादं खेळणं त्या त्या जागी धरून बघा. पहिल्या दोन मिनिटांत छान जमलेली हालचाल दहाव्या मिनिटाला दमून बंद पडत असेल, तर ती आपली हालचाल नव्हे.

त्याच्याही आधी बसणं. पाय अधांतरी लोंबकळत असतील, कंबर पुढे घसरत असेल, तर मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पावलांखाली पाट, कंबर मागे टेकलेली, ट्रे कोपराच्या उंचीला, एवढं केल्यावर हात कधीकधी आपोआप मोकळा होतो.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांत मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात सरळ ताणला जातो आणि दुसरा दुमडतो. गाडी डावीकडे गेली, मुलाने मान वळवून पाहिलं, की बटणावरचा हात निघाला! आपण म्हणतो ‘लक्ष नाही’. लक्ष असतंच, बटणाची जागा चुकलेली असते. मुलाच्या ओटींना, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टना, एवढा एकच प्रश्न विचारा : बटण कुठे ठेवू? बाकी यंत्राचं काम तुम्ही-आम्ही करू.

कोणती गाडी घ्यावी?

दिसायला भारी आणि वेगाने पळणारी नको. दुकानात ‘स्टंट कार’ नावाने मिळते ती पहिली बघा : मोठी चारही चाकं, दोन्ही बाजूंनी सारखी. उलटली तरी चालतच राहते, त्यामुळे ‘बाबा, सरळ करून द्या’ हे प्रकरण संपतं. तिची डावी चाकं एका मोटरवर आणि उजवी दुसऱ्या मोटरवर असतात. पुढे दोन बटणांच्या युक्तीसाठी हेच लागतं.

फक्त मोबाइलच्या ॲपवर चालणारी गाडी टाळा. सपाट काचेवर बोट कुठे आहे ते हाताला कळत नाही, आणि चुकून टेकलेला तळहातही स्पर्शच धरला जातो.

घरात भावंडाची दुसरी गाडी असेल तर दोन्ही २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या नकोत. एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी चालते आणि भांडणं होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या गाड्या आपापल्या रिमोटशी जोडी जमवतात, तिथे ही अडचण येत नाही.

मला सोल्डरिंग (वितळवलेल्या धातूने तार जोडणं) येत नाही. तरी काही करता येईल?

बरंच. रिमोट एका लाकडी फळीवर वेल्क्रोने घट्ट बसवा आणि फळी ट्रेला क्लॅम्प करा. बऱ्याच मुलांची अडचण रिमोट धरणं हीच असते, दाबणं नव्हे. रिमोटच्या कांड्यांवर, म्हणजे बोटाने ढकलायच्या दांड्यांवर, पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवून वर रबरी चेंडू बसवा. मूठ वळलेली राहत असेल तर चेंडूऐवजी इंग्रजी ‘यू’ आकाराची खोबण करा, मनगट त्यात टेकवून ढकलता येतं.

बिनसोल्डरची दुसरी युक्ती साध्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटवर चालते. पातळ पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवायची, पट्ट्या एकमेकींना टेकता कामा नयेत. प्रत्येक पट्टीला एक तार. हा तुकडा रिमोटमधल्या सेल आणि स्प्रिंगच्या मधे सरकवायचा, म्हणजे वीज तुटते. दोन तारांच्या टोकांना मोठं बटण लावायचं. मग ‘पुढे’चं बटण रबरबँडने कायमचं दाबून ठेवायचं. मुलाने मोठं बटण दाबलं की रिमोटला वीज मिळते आणि गाडी पुढे जाते. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटवर हे सहसा जमत नाही, कारण वीज गेली की तो दर वेळी नव्याने गाडी शोधत बसतो.

रिमोट उघडून बटण बाहेर काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

स्वस्त रिमोटमधली बहुतेक बटणं दोन बिंदू एकमेकांना जोडण्यापलीकडे काही करत नाहीत. त्याच दोन बिंदूंपासून दोन तारा बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकाला दुसरं बटण लावलं, तर रिमोटला फरक कळत नाही. जुनं बटणही चालू राहतं, म्हणजे ताईलाही खेळता येतं.

पेन्सिल सेल काढा, स्क्रू सोडवा आणि आधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली तार कुठे होती हे नंतर हमखास आठवत नाही. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड तपासायच्या खुणेवर, लावा, एक-एक बटण दाबून कुठल्या दोन बिंदूंमध्ये ‘बीप’ वाजतं ते पाहा आणि कागदावर लिहून ठेवा.

बऱ्याच रिमोटमध्ये खाली रबरी बटण आणि बोर्डावर काळे ठिपके असतात. ते कार्बनचे असतात, त्यावर सोल्डर धरत नाही. तिथे सोल्डरची तापलेली इस्त्री टेकवत बसलात तर ठिपकाच जळेल. ठिपक्यापासून निघणारी तांब्याची रेघ शोधा, तिच्यावरचा हिरवा थर ब्लेडने हलके खरवडा, तांबं चमकलं की तिथे सोल्डरचा टाका मारा. नाहीतर ती रेघ चिपच्या ज्या पायाला जाते तिथे मारा. जुन्या धर्तीच्या रिमोटमध्ये ‘टीएक्स-२’ घराण्यातली चिप असते. तिला पुढे, मागे, डावे, उजवे आणि टर्बो (जादा वेग) असे पाच पाय असतात, आणि जो पाय ग्राउंडला, म्हणजे सेलच्या वजा बाजूला, जोडाल ती आज्ञा जाते. काम सोपं. टर्बोच्या पायाला हात लावू नका, घरातली फुलदाणी वाचेल.

प्रत्येक दिशेला स्वतंत्र जॅक (बटणाची पिन खोचायची जागा) ठेवा. काही रिमोटमध्ये सगळ्या बटणांचं ग्राउंड एकच नसतं, आणि तारा वाचवायला ते एकत्र केलं की डावीकडे दाबल्यावर गाडी मागे जाते.

दोन गोष्टी लोक विसरतात. तारेला पेटीच्या आत गाठ मारून वर ग्लू गनचा गोळा द्यायचा, कारण मूल तार ओढणार आणि झटका टाक्यावर बसणार. आणि २७ मेगाहर्ट्झवर लांबलचक तारा कधीकधी अँटेनासारख्या वागतात, म्हणून मीटरभर पुरे.

रिमोटला बटणं नसून फिरणाऱ्या कांड्या असतील तर?

आधी कांडीखाली काय आहे ते पाहा. ‘टक’ आवाज येत असेल तर खाली साधं बटणच आहे. आवाज नाही आणि गाडीचा वेग कांडीबरोबर हळूहळू वाढतो, म्हणजे खाली पोटेन्शिओमीटर (फिरवू तसा व्होल्टेज बदलणारा भाग) आहे. तिथे दोन तारा जोडून भागत नाही. कांडी मध्यावर असतानाचा व्होल्टेज दोन सारख्या रेझिस्टरनी तयार करावा लागतो आणि बटण दाबल्यावर तो वर किंवा खाली खेचावा लागतो. पहिल्याच प्रयत्नासाठी असा रिमोट निवडू नये.

सगळे साडेतीन मिलिमीटरचा जॅक लावायला का सांगतात?

कारण जगभरची अपंगांसाठीची स्विचेस याच पिनवर येतात, इअरफोनसारखी, पण मोनो, म्हणजे दोनच जोडांची. आज शंभर रुपयांचं बटण लावलं, उद्या संस्थेतून चांगलं स्विच मिळालं, तर नुसती पिन बदलायची. सॉकेटही मोनोच घ्या. स्टिरिओ सॉकेटच्या दोन संपर्कांवर दोन दिशा जोडल्या आणि त्यात मोनो पिन घातली, तर एक दिशा कायमची चालू राहते आणि गाडी थांबतच नाही.

बटण कोणतं वापरू?

तयार मिळणारी ‘जेली बीन’ आणि ‘बिग रेड’ ही दोन नावं ओटींच्या तोंडी असतात. पहिलं सुमारे साडेसहा सेंटिमीटर व्यासाचं, दुसरं त्याच्या दुप्पट. चांगली आहेत, पण परदेशी असल्याने महाग. आर्केड गेमच्या यंत्रांवरची ६० किंवा १०० मिलिमीटरची घुमटाकार बटणं ऑनलाइन सहज मिळतात आणि तशीच चालतात. त्यांना तीन पाय असतात. ‘कॉम’ (सामाईक) आणि ‘एनओ’ (दाबल्यावर जुळणारा) हे दोन जोडा. ‘एनसी’ (एरवी जुळलेला) जोडलात तर न दाबता गाडी पळेल.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाला मात्र ही बटणं जड पडतात. या मुलांची हालचाल अचूक असते, जोर नसतो. त्यांना मोठं बटण देणं म्हणजे उपकाराऐवजी त्रास. लांब पत्तीचा मायक्रोस्विच (हलक्या दाबावर चालणारं छोटं बटण) बोटाच्या टोकाशी बसवा. पत्ती जेवढी लांब तेवढा जोर कमी लागतो. ‘टीटीपी२२३’ नावाचं स्पर्शाचं छोटं मॉड्यूल शून्य जोरावर चालतं, पण दाबल्याचं हाताला कळत नाही. सोबत एक बझर लावून द्या.

एक इशारा : मोठ्या ‘खट’ आवाजाने दचकणारी मुलं असतात. दचकलं की हात उडतो आणि बटण सुटतं. बटणाच्या आत पातळ फोम चिकटवला की आवाज मरतो.

मुलाला बटण दाबता येतं, पण सोडता येत नाही. गाडी भिंतीवर धडकतच राहते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आपण मोठी माणसं इथेच फसतो. आपल्याला दाबणं हे काम वाटतं आणि सोडणं फुकट वाटतं. स्पास्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, असलेल्या हाताला उलट आहे : दाबताना ताठरलेले स्नायू सैल करणं हेच मोठं काम.

उपाय बटणात नाही, बटण आणि रिमोटच्या मधे आहे. प्रोग्रॅम भरता येणारा एक लहानसा बोर्ड, आर्डुइनो नॅनो चालेल, असा बसवायचा की दाबल्याबरोबर गाडी दोन सेकंद चालेल आणि बटण दाबलेलंच राहिलं तरी थांबेल. पुन्हा चालवायला एकदा सोडून पुन्हा दाबावं लागेल, पण ते मुलाच्या वेळेने. बोर्डापासून रिमोटला थेट तार न देता मधे ‘पीसी८१७’ ऑप्टोकपलर (तारेऐवजी उजेडाने संकेत देणारा भाग) घाला, म्हणजे दोन्हींचे व्होल्टेज एकमेकांत मिसळत नाहीत. बोर्डात भरायचा प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींचा आहे, शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी संध्याकाळी लिहून देईल.

काही मुलांची अडचण बरोबर उलटी असते. दाबता येतं, धरून ठेवता येत नाही. त्यांनाही हाच टायमर लागतो, फक्त वेळ जास्त.

हात अनिच्छेने हलत असेल, कंप असेल, तर त्याच बोर्डात दोन आकडे बदलायचे. पाव सेकंद सलग दाबलं तरच ते खरं मानायचं, आणि एकदा मानल्यावर पुढचा अर्धा सेकंद काहीही ऐकायचं नाही. आकडे मुलासमोर बसून ठरवा. पाव सेकंद जास्त झाला तर मुलाला वाटतं बटणच बिघडलंय, आणि ते सोडून देतं.

एकच बटण जमतं. मग गाडी वळणार कशी?

लहानग्यांसाठी एका बटणाची गाडी तयारच मिळते : एरवी मागे वळत जाते, दाबलं की सरळ पुढे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती पुरते.

मोठ्या मुलाला खरी दिशा हवी असते. त्याच्यासाठी आमच्या आवडीची रचना अशी : दोन मोटरींची गाडी जागच्या जागी हळूहळू गोल फिरत राहते. तिच्या नाकावर एक ठळक दिवा. दिवा हव्या त्या दिशेला आला की मुलाने दाबायचं. दाबलेलं असेपर्यंत गाडी सरळ जाते, सोडलं की पुन्हा फिरू लागते. एका बटणावर अख्खी खोली हिंडता येते. फिरण्याचा वेग मुलाला दाबायला लागणाऱ्या वेळेपेक्षा बराच हळू ठेवा, नाहीतर नेहमी दिशा हुकते. यासाठी गाडीतला मूळ बोर्ड काढून मोटर ड्रायव्हर (मोटरींना वीज देणारा भाग) आणि नवा बोर्ड बसवावा लागतो.

तिसरी वाट भागीदारीची. वेग मुलाकडे, वळण भावाकडे. मूल दाबेल तेव्हाच गाडी हलेल, मग भावाला कितीही घाई असो.

दोन बटणं जमतात.

मग स्टंट कारच हवी. एक बटण डाव्या चाकांना, दुसरं उजव्या चाकांना, दोन्ही फक्त पुढे. दोन्ही दाबली की सरळ, नुसतं डावं दाबलं की गाडी उजवीकडे वळते, नुसतं उजवं दाबलं की डावीकडे. मागे जायची गरजच राहत नाही, वळून परत येता येतं. बटणं दोन हातांखालीच हवीत असं नाही. एक हाताशी आणि एक गुडघ्याशी ठेवूनही मुलं चालवतात.

एकच हात चालतो, पण तो चांगला चालतो.

या मुलाला स्विच देऊ नका, खरी जॉयस्टिक द्या. खेळण्यांच्या रिमोटला वेगासाठी एक हात आणि वळणासाठी दुसरा लागतो. हॉबीच्या रिमोटवर दोन्ही कामं एका कांडीवर आणता येतात. भारतात सहज मिळणारा फ्लायस्काय एफएस-आय६ घ्या. त्याच्या ‘मोड २’ प्रकारात उजवी कांडी दोन्ही दिशांनी आपोआप मध्यावर येते. स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) पहिल्या चॅनलला आणि मोटरचा ईएससी (वेग नियंत्रक) दुसऱ्या चॅनलला लावला की सगळी गाडी त्या एका कांडीवर. त्याच रिमोटमध्ये ‘एंड पॉइंट’ कमी करून जास्तीत जास्त वेगही बांधता येतो.

दोन असे रिमोट केबलने जोडून एक पालकाचा करायचीही सोय आहे. गाडी रस्त्याकडे निघाली तर उपयोगी पडते. दर वळणावर वापरलीत तर मुलाला लगेच कळतं की चालवणारा दुसराच कुणी आहे.

डोक्याच्या हालचालीने, आवाजाने, नजरेने चालवता येईल का?

डोक्याने उत्तम, मानेवर ताबा असेल तर. दोन मायक्रोबिट (प्रोग्रॅम भरता येणारे छोटे बोर्ड) घ्या, एक टोपीवर आणि एक गाडीत. त्यात झुकाव ओळखणारा सेन्सर आणि रेडिओ दोन्ही आधीच असतात. ‘सरळ’ कशाला म्हणायचं ते मुलाच्या नेहमीच्या मानेवरून ठरवा, ओळंब्यावरून नव्हे. पंधरा-वीस अंशांपर्यंतचा झुकाव सोडून द्या.

फुंकरीनेही जमतं. कॅनडातल्या ‘मेकर्स मेकिंग चेंज’ या उपक्रमाने तोंडाने चालवायच्या ‘लिपसिंक’चे आराखडे खुले ठेवले आहेत, कुणीही बनवावेत. तोंडात जाणारी नळी प्रत्येक मुलाची वेगळी हवी.

आवाजाने नको. ‘थांब’ म्हटल्यापासून थांबेपर्यंत वेळ जातो, आणि ज्यांचं बोलणं अस्पष्ट आहे त्यांच्यावर यंत्र अन्याय करतं. नजरेनेही नको : गाडी बघायची तर पडद्यावरून नजर काढावी लागते. डोळ्यांना एका वेळी एकच काम द्यावं.

एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर घरी आहे. तो चालेल?

अपंग खेळाडूंसाठी २०१८ साली आलेल्या या गेम कंट्रोलरच्या मागे साडेतीन मिलिमीटरचे १९ जॅक आहेत, त्यामुळे स्विच जोडायला तो फार सोयीचा. पण तो खेळण्यातल्या गाडीशी थेट बोलत नाही. गाडीत ब्लूटूथ समजणारा ईएसपी३२सारखा बोर्ड बसवावा लागतो. घरात असेल तर वापरा, फक्त गाडीसाठी विकत घेऊ नका.

गाडी फार वेगात जाते.

सेल बदलून बघा. दीड व्होल्टचे चार सेल म्हणजे सहा व्होल्ट. त्याजागी चार्ज होणारे एनआयएमएच सेल टाकले तर प्रत्येकी १.२ प्रमाणे ४.८ व्होल्ट. तरी वेग जास्त वाटला तर गाडीतल्या बॅटरीच्या तारेत एक ‘१एन५४०८’ डायोड घाला, अंदाजे ०.७ व्होल्ट खाऊन टाकतो. दोन घातले तर दुप्पट. वेग कमी केला की धडका कमी होतात, हे खरं. पण धडकायला मुलांना आवडतंही. गाडीला पुढून स्पंज बांधा आणि धडकू द्या.

दृष्टीही कमी आहे.

फरशी मोकळी करा, नक्षीची सतरंजी काढा. गाडीवर एकाच ठळक रंगाचं कापड, लाल किंवा पिवळं, आणि चाकाला घुंगरू. आवाजावरून गाडी कुठे आहे ते कळतं. खोली थोडी अंधारी करून गाडीवर दिवा लावला तर काही मुलं पहिल्यांदा तिच्यामागे नजर फिरवतात.

लाळ, पाणी, बॅटरी यांचं काय?

लाळ गळत असेल तर बटणाला मेनकापड किंवा झिपची पिशवी घाला, रोज बदला. सेलच्या झाकणाला स्क्रू असायलाच हवा. बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळले तर दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतात, तसं वाटलं तर घरी वाट न पाहता थेट दवाखाना. लिथियम बॅटरीची गाडी असेल तर चार्जिंग मोठ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, गादीवर कधीच नाही.

सामान कुठे मिळेल, कोण करून देईल?

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बाकी ठिकाणी ऑनलाइन. जॅक, तार आणि आर्केड बटण मिळून खर्च काही शेकड्यांत होतो, टायमरचा बोर्ड धरला तरी हजाराच्या आसपास. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला बारीक सोल्डरिंग उत्तम येतं. त्याला ‘हे दोन बिंदू बाहेर काढून दे’ एवढंच सांगा, पूर्ण कहाणी सांगितली तर तो घाबरतो.

बसणं आणि बटणाची जागा यासाठी मुंबईत हाजी अलीजवळची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र, विचारून बघा.

गाडी दिली तर थेरपीही होईल ना? वीस वेळा दाबायला लावू?

नको. हात आपोआप चालेलच, पण ‘अजून पाच वेळा’ म्हटलं की गाडी संपली आणि व्यायाम सुरू झाला. मुलाला कुत्र्यामागे गाडी लावायची असेल तर लावू द्या.

मुलाला स्वतः आत बसून चालवायची बॅटरीची गाडी अशीच बदलता येईल का?

येते. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या कोल गॅलोवे यांनी ‘गो बेबी गो’ नावाने हेच काम रूढ केलं : दुकानातली बसायची गाडी, पायातल्या पॅडलऐवजी स्टिअरिंगवर मोठं बटण, आणि बाजूंनी पीव्हीसी पाइप व फोमचा आधार. फरक विजेचा आहे. रिमोटच्या बटणातून नाममात्र करंट जातो. या गाडीच्या पॅडलमधून मोटरचा सगळा करंट जातो, काही अँपिअर. आर्केड बटण किंवा साडेतीन मिलिमीटरचा जॅक थेट तिथे लावला तर संपर्क जळतो किंवा चिकटून बसतो, आणि चिकटला तर गाडी थांबत नाही. मधे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) घालायचा, बॅटरीच्या व्होल्टेजचा, सहा किंवा बारा, आणि बॅटरीच्या तारेत एक फ्यूज. मागच्या बाजूला पालकाच्या हाताला येईल असा वीज तोडणारा खटका बसवल्याशिवाय मुलाला आत बसवू नका.